पाठवणीचं नको, दुसरं गाणं लावा!

“आई, रिसेप्शनला बाबांनी माझ्याबरोबर डान्स करायचाय. तू सांग त्यांना!”

लेकीने हा बॉम्ब टाकला तेव्हा मी याद्या घेऊन बसले होते. एक आहेराची, एक मानपानाची, एक केटररला सांगायच्या पदार्थांची. हे नुकतेच दुकान बंद करून आले होते आणि उभ्या उभ्या पाणी पीत होते. त्यांना असा ठसका लागला की सासूबाई आतून धावत आल्या. “कोण? मी? नाचायचं?” एवढंच म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले. मग बराच वेळ बाहेरच आले नाहीत!

मैत्रिणींनो, तुम्ही हसाल. पण घरात लग्नाची मुलगी असेल तर हा प्रसंग आज ना उद्या तुमच्याकडेही येणार आहे. आमचं गाव तालुक्याचं. पण इथेही आता कार्यालयवाले हळद, संगीत, रिसेप्शन असं सगळं पॅकेजच सांगतात आणि त्यात ‘बाप-लेकीचा डान्स’ हा एक वेगळा मुद्दा असतो.

माझं लग्न १९९९ सालचं. बी.ए.चा निकाल लागला आणि दोन महिन्यांत अक्षता पडल्या. तेव्हाचं रिसेप्शन म्हणजे मखमलीच्या दोन खुर्च्या, शहनाईची कॅसेट, आइस्क्रीमची वाटी आणि हातात पाकीट देऊन फोटोला उभं राहणारी माणसं. त्या सगळ्या फोटोंमध्ये माझे वडील फक्त दोनच ठिकाणी दिसतात. एकात ते कन्यादानाला बसलेत. दुसऱ्यात कार्यालयाच्या दाराशी हात जोडून उभे आहेत. “जेवल्याशिवाय जाऊ नका,” असं येणाऱ्या-जाणाऱ्याला विनवत होते. व्याह्यांपुढे, पाहुण्यांपुढे, आचाऱ्यापुढेसुद्धा दिवसभर त्यांचे हात जोडलेलेच! मुलीचा बाप म्हणजे जोडलेले हात, हे आपल्या डोळ्यांना इतकं सवयीचं झालंय की त्या हातांना दुसरं काही करता येईल असं कधी वाटलंच नाही.

म्हणून लेकीची मागणी ऐकून मला आधी हसू आलं, पण नंतर वाटलं, का नाही?

हे खूळ आलं कुठून, असं सासूबाईंनी विचारलं. खरं तर ते अमेरिकेतलं. माझ्या मावसबहिणीच्या मुलीचं लग्न न्यू जर्सीत झालं, त्याचा व्हिडिओ आम्ही सगळ्यांनी मिळून पाहिला होता. तिकडे रिसेप्शनमध्ये आधी नवरा-नवरी नाचतात. मग नवरीचे वडील पुढे येतात, ती त्यांच्या खांद्यावर हात ठेवते आणि दोघं संथ लयीत पावलं टाकतात. एखादं गाणं संपेपर्यंतच. तिकडची ही जुनी रीत आहे. आपल्याकडे ‘हम आपके हैं कौन’ (१९९४) आणि ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ (१९९५) या सिनेमांनी लग्नातलं नाचगाणं घरोघरी पोचवलं. मग मोबाइल आले, प्रत्येकाच्या लग्नाचे व्हिडिओ आले, आणि त्यांच्याबरोबर हा बाप-लेकीचा नाचही आला.

ह्यांना तयार करायला मला चार दिवस लागले. शेवटी मी म्हटलं, “अहो, गणपतीच्या मिरवणुकीत नाचता ना? तिथे लेक नसते, इथे आहे. एवढाच फरक.” त्यावर हे म्हणाले, “बरं. पण गाणं चांगलं पाहिजे.”

झालं! तिथून खरी परीक्षा सुरू झाली.

रोज रात्री जेवणं झाली की ओट्यावरच्या डब्याला मोबाइल टेकवून आमची गाण्यांची निवड समिती बसायची. पहिलं गाणं ह्यांनीच सुचवलं. ‘नीलकमल’ सिनेमातलं, रफीसाहेबांनी गायलेलं पाठवणीचं गाणं. सिनेमा १९६८ चा, पण बँडवाले नवरी निघताना अजून तेच वाजवतात. गाणं सुरू झालं आणि दुसऱ्या ओळीलाच ह्यांचे डोळे भरले. ते पाहून मी रडले, मला पाहून सासूबाई रडल्या. लेक वैतागून म्हणाली, “बाबा, मी पुण्याला चाललेय! तीन तासांवर! एवढं काय झालंय?”

दुसरं गाणं मी काढलं. पी. सावळारामांचं, वसंत प्रभूंच्या चालीतलं, लताबाईंनी गायलेलं सासरी निघालेल्या मुलीचं गाणं. आपल्या पिढीतल्या कुणाला ते माहीत नाही? पण तेही रडायचंच. लेकीने ‘राझी’ (२०१८) मधलं ‘दिलबरो’ लावलं. गुलजारांचे शब्द, गोड चाल, आणि आजकाल सगळीकडे तेच वाजतं. पण तेही शेवटी वडिलांचा उंबरठा ओलांडून निघालेल्या मुलीचंच. धाकट्याने ‘दंगल’ (२०१६) मधलं, बापाच्या शिस्तीची तक्रार करणारं गाणं लावलं. लेक खळखळून हसली, पण ह्यांचा चेहरा पडला. “मी काय एवढा वाईट वागलो का तुमच्याशी?”

मग कुणीतरी ‘दमलेल्या बाबाची कहाणी’ सुचवलं. संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांचं हे गाणं तुम्हीही ऐकलं असेल. कामावरून उशिरा घरी येणाऱ्या आणि झोपलेल्या लेकीकडे बघत बसणाऱ्या बापाचं. ते अर्धं झालं आणि हे उठून अंगणात गेले. मी मागोमाग गेले तर म्हणाले, “दुकान बंद करून यायचो तेव्हा ही रोज झोपलेली असायची गं. ही मोठी कधी झाली ते मला कळलंच नाही.” पंचवीस वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदाच असं काही बोलले. ते गाणं ऐकायचं आहे, नाचायचं नाही, हे तेव्हाच ठरलं.

त्या रात्री मला झोप लागेना. मनात आलं, आपल्याकडे बाप-लेकीची गाणी शोधायला जावं तर सगळी निरोपाचीच का निघतात? आईची म्हणून किती गाणी आहेत. भावाच्या तर जात्यावर ओव्याच ओव्या आहेत. बाप मात्र गाण्यात येतो तो लेक निघताना, डोळे पुसायला. जणू मुलगी घरात होती ती वीस-पंचवीस वर्षं त्याला गाण्यासारखं काही नव्हतंच! अमेरिकेतल्या लग्नांतही निरोपाची गाणी असतात, बाप मुलीचा हात नवऱ्याच्या हाती देतोच. पण मावसबहिणीने सांगितलं की तिच्या मुलीने स्टीव्ही वंडर या गायकाचं गाणं निवडलं होतं. हा गायक अंध आहे. १९७६ साली त्याने आपली मुलगी जन्मली त्या आनंदात ते गाणं केलं. म्हणजे लग्नात वाजलं ते मुलगी घरातून गेल्याचं नव्हे, ती घरात आल्याचं गाणं!

दुसऱ्या दिवशी मी लेकीला म्हटलं, “पाठवणीचं गाणं नको. तू आमच्या घरात होतीस, त्या दिवसांतलं एखादं शोधू.”

आणि ते सापडलं सासूबाईंना! भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या, “बालवाडीच्या गॅदरिंगला ही मोर झाली होती, ते कोणतं गं?”

‘नाच रे मोरा’! गदिमांचे शब्द, पु. ल. देशपांड्यांचं संगीत, आशाताईंचा आवाज. १९५३ च्या ‘देवबाप्पा’ सिनेमातलं हे गाणं सत्तर वर्षं झाली तरी प्रत्येक बालवाडीत वाजतंय. आमच्या लेकीला पुठ्ठ्याचा पिसारा लावून स्टेजवर उभं केलं होतं. पडदा उघडला, समोर गर्दी दिसली आणि बाई स्तब्ध! ओठ थरथरायला लागले. तेव्हा हे पहिल्या रांगेतून उठले आणि सगळ्या पालकांसमोर, स्टेजच्या खाली उभे राहून हात हलवून दाखवायला लागले. त्यांच्याकडे बघत बघत तिने अख्खा नाच पूर्ण केला. म्हणजे आमचे हे लेकीबरोबर एकदा नाचले होतेच की! आम्हीच विसरलो होतो.

“पण बाबा, आता मोर तुम्ही व्हायचं,” लेक म्हणाली. “हात मी दाखवणार.”

मग पंधरा दिवस रोज रात्री साडेनऊला हॉलमधला दिवाण भिंतीला सरकवून प्रॅक्टिस चालायची. पहिल्या दिवशी दोघंही अवघडलेले. मला आधी कळेना, का? मग लक्षात आलं, मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की आपल्याकडे बाप दोन पावलं मागे सरकतो. तोवर खांद्यावर घेऊन जत्रा दाखवणारा माणूस, पण “मोठी झाली आता” असं घरातल्या बायकाच सांगतात (मीही सांगितलं होतं!) आणि तो बिचारा मग फीचे पैसे देणं आणि स्टँडवर सोडणं एवढ्यावरच आपलं प्रेम भागवतो. दहा-बारा वर्षांनी त्या दोघांनी पहिल्यांदा एकमेकांचे हात धरले होते.

नाच पाच मिनिटं आणि गप्पा तासभर. तिने तिचा पगार सांगितला, ऑफिसात कोण त्रास देतं ते सांगितलं. ह्यांनी दुकान काढलं तेव्हा घेतलेलं कर्ज कसं फेडलं ते सांगितलं. हे मलाही नवीनच! मैत्रिणींनो, हा नाच करायचा तर ह्या पंधरा दिवसांसाठी करा. स्टेजवरच्या तीन मिनिटांसाठी नको.

आता यातली दुसरी बाजूही सांगते. बचत गटाच्या कामामुळे माझं बऱ्याच घरांत जाणं असतं. आमच्या गटातल्या एका बाईचे यजमान २०२१ च्या कोरोनाच्या लाटेत गेले. तिच्या मुलीच्या रिसेप्शनला माइक धरलेल्या पोराने न विचारताच पुकारा केला, “आता वधूपित्यांनी स्टेजवर यावं!” सगळा हॉल गप्प. कुणीतरी मामाला पुढे ढकललं. मुलगी म्हणाली, “मामा नको, आई.” आई जागची हलेना. विधवा बाईने लग्नाच्या स्टेजवर जायचं? शेवटी आम्ही चौघी तिच्याबरोबर उठलो तेव्हा ती वर गेली. २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण ठराव हॉलमध्ये आणायचा तर अशा वेळी कुणीतरी खुर्चीतून उठावं लागतं. तेव्हा पॅकेजवाल्याला आधीच सांगून ठेवा: हा कार्यक्रम ज्याच्या घरी हवा त्याच्याच घरी. आणि तो बापाबरोबरच हवा असंही नाही. जिने वाढवलं तिच्याबरोबर नाचा. आजी असेल, मावशी असेल.

आणखी एक गोष्ट. ती लिहू की नको असं चार वेळा वाटलं. पण लिहितेच.

लग्नाच्या आधी आठ दिवस माझ्या नणंदबाई राहायला आल्या. एका रात्री त्या दिवाणावर बसून प्रॅक्टिस बघत होत्या. बघता बघता म्हणाल्या, “दादा, आपले अण्णा कधी माझा हात धरून चाललेसुद्धा नाहीत रे. पण माया होती त्यांची.” सगळे गप्प झालो. आणि मला एकदम २०१२ सालची दुपार आठवली.

मामंजी जाऊन वर्ष झालं होतं. साडेचार एकर वडिलोपार्जित शेत. ताईंना बोलावून घेतलं, दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात नेलं, हक्कसोडपत्रावर त्यांची सही झाली. घरी आल्यावर मी त्यांना साडी-चोळी केली, ओटी भरली. साडी मीच निवडली होती, चांगली भारी! “ताई किती मोठ्या मनाच्या,” असं मी शेजारणींना कौतुकाने सांगितलं. त्याच्या तीन-चार वर्षं आधी माझ्या माहेरी मीसुद्धा अशीच सही करून साडी घेऊन आले होते. कागदावर काय लिहिलंय ते वाचलंसुद्धा नव्हतं. भावाशी गोडी राहावी एवढंच मनात. मी बी.ए. झालेली, गटातल्या बायकांना कायदे सांगणारी!

कायदा काय सांगतो? महाराष्ट्राने १९९४ मध्येच, तोवर लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला. २००५ मध्ये हिंदू वारसा कायद्यात देशभरासाठी दुरुस्ती झाली आणि लग्न झालेली असो वा नसो, मुलीला मुलासारखाच जन्मतः हक्क मिळाला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केलं की दुरुस्तीच्या वेळी वडील हयात होते की नव्हते, यावर हा हक्क अवलंबून नाही. हक्कसोडपत्र बेकायदा नाही. पण ते राजीखुशीचं असायला हवं. सही केलीच पाहिजे असं कुठल्याही कायद्यात नाही. ती न केल्यामुळे तुटतं ते नातं किती पक्कं होतं, हा विचार ज्याचा त्याने करावा.

म्हणजे बघा हं. सकाळी मुलीचं दान करायचं, संध्याकाळी तिच्याबरोबर नाचून “तू माझीच” म्हणायचं, हॉलभर लोकांना रडवायचं आणि पुढे कधीतरी तालुक्याला नेऊन तिचं नाव सातबाऱ्यावरून काढायचं! मग त्या नाचाला काय अर्थ? पाठवणीचं गाणं स्टेजवर वाजवलं नाही म्हणून काय झालं, ते कागदावर वाजलंच की.

त्या रात्री मी हे सगळं ह्यांच्याशी बोलले. आधी चिडले. “लग्नघरात आता हा काय विषय?” पण दुसऱ्या दिवशी जेवताना, धाकट्याच्या देखत म्हणाले, “हिच्याकडे कधी सही मागायची नाही. मी असो नसो.” मुलगा म्हणाला, “मी कधी मागितली?” ताईंच्या हिश्शाचं मात्र अजून काही ठरलेलं नाही. त्यांना विचारलं तर त्या हसून म्हणाल्या, “आता काय करायचंय मला?” तो विषय मी सोडलेला नाही. साडी मी नेली होती, तेव्हा तो विषय मीच काढायला हवा.

रिसेप्शनचं सांगायचं राहिलंच. ‘नाच रे मोरा’ सुरू झालं तेव्हा लोकांना आधी वाटलं डीजेचं काहीतरी चुकलं. मग जॅकेट घातलेला, पोट सुटलेला, चोपन्न वर्षांचा मोर स्टेजवर आला! मधल्या कडव्याला हे ठरलेले हात विसरले आणि गोंधळून थांबले. लेक समोर उभी राहिली आणि तिने हात हलवून दाखवले. बालवाडीत ह्यांनी दाखवले होते तसेच. पहिल्या रांगेत नणंदबाई टाळ्या वाजवत होत्या. रडलं कुणीच नाही, मी सोडून.

तेव्हा मैत्रिणींनो, गाणं निवडताना तीन गोष्टी बघा. ते तीन मिनिटांपेक्षा मोठं नको, वडिलांच्या गुडघ्यांचा विचार करा! ते लोकांच्या आवडीचं नसलं तरी चालेल, पण त्या दोघांच्या आठवणीतलं हवं. आणि ते निरोपाचं नको. पुण्या-मुंबईला गेली, परदेशी गेली तरी लेक कुठे निघून जात नाही. ती आपल्या घरचीच असते. हे गाण्यात म्हणायला सोपं आहे. कागदावर म्हणायला जरा जड जातं.

पण जे कागदावर म्हणता येईल, तेच गाणं लावा.